मुलींचा विषय नव्हे म्हणे!

मंडळी, आज डोकं फिरलंय. मुरबाडच्या एका कॉलेजात वक्तृत्व स्पर्धेची परीक्षक होते.

टोकावड्याची एक मुलगी युद्धाच्या बातम्या देणाऱ्या बायकांवर बोलली. लष्कर त्यांना आघाडीवर जाऊ देत नव्हतं, तेव्हाही त्या कशा पोचल्या, हे तिने असं सांगितलं की मागच्या बाकांवरची पोरंही गप्प झाली.

सोबतचे परीक्षक म्हणाले, "बोलली छान, पण हा काय मुलींचा विषय आहे?"

मी भांड भांड भांडले. तरी तिचा नंबर गेलाच.

बाहेर तिच्या आईने मला गाठलं. "मॅडम, पोरीचं काय चुकलं ते सांगा. पुढच्या टायमाला सुधारेल ती."

"काहीच चुकलं नाही हो तिचं."

"मग नंबर का नाय आला?"

तुम्ही काय सांगितलं असतं त्या माउलीला?