दिगंबरचं कार्ड आणि आमची भाषणं

दिगंबर गेल्याचा फोन आला तेव्हा मी भोकरदनच्या स्टँडवर हसनाबादच्या गाडीची वाट बघत होतो. त्याचा धाकटा भाऊ "दिगूभाऊ गेले" एवढंच बोलला आणि रडायला लागला. मी त्याच्यावरच खेकसलो, नीट सांग म्हणालो. सकाळीच तर दिगंबर मला म्हणाला होता, "छातीत जळजळ होऊन राह्यली रे." आणि गोळी खाऊन तास घ्यायला गेला. दवाखान्यात जायचं सोडून तास... दोन महिने झाले, पण माझा त्याच्यावरचा राग काही जात नाही. एकावन्न हे काय जायचं वय आहे?

आमच्या कॉलेजात अकरावी-बारावीला तो फिजिक्स शिकवायचा, मी मराठी. बावीस वर्षं एका टेबलावर डबा खाल्ला. संस्थेकडं पुस्तकं मागून मागून त्याच्या चपला झिजल्या, तेव्हा त्यानं मागणंच सोडलं आणि नेटवर शोधायला बसला. "जगभरचे मास्तर फुकट शिकवून राह्यले अन् आपले पोरं गाईड घोकून राह्यले," म्हणायचा. मोठ्या विद्यापीठांच्या अख्ख्या व्याख्यानमाला, कोणालाही उतरवून घेता येतील अशी पाठ्यपुस्तकं, पडद्यावर लोलक हलवून बघायचे प्रयोग, शास्त्रज्ञ आपले निबंध छापून यायच्या आधीच जिथं ठेवतात त्या जागा... सगळं त्यानं धुंडाळलं. एखादा निबंध पैसे भरल्याशिवाय उघडत नसला, तर लिहिणाऱ्यालाच मेल टाकायचा. "मागितलं की पाठवतेत. बिचाऱ्यांना वाचणारंच कोणी न्हाई." आणि खरंच यायचे ते निबंध.

पण फुकट आहे म्हणून ते पोरांना सापडतंच असं नाही, हे त्याला बराबर ठाऊक होतं. एका धड्यासाठी पंधरा व्याख्यानं बघून तो एक निवडायचा. त्याच्या आधी स्वतःच्या आवाजात मराठीतून रेकॉर्ड करायचा, "पहिली दहा मिनिटं सोडा. पुढं फळ्यावर ह्या मास्तरनं चिन्ह चुकवलंय, घाबरू नका, नंतर तोच दुरुस्त करतो." असं सगळं ओळीनं मेमरी कार्डात भरायचा, कारण पोरांच्या गावात रेंजची बोंब. शेवटचं कार्ड त्यानं सुनीतासाठी भरलं होतं, ते तिला द्यायचं राहूनच गेलं. ही पिंपळगाव रेणुकाईची, त्याची जुनी विद्यार्थिनी. बाप मेंढरं राखतो, आणि पोरगी एमएस्सीच्या प्रवेश परीक्षेला बसायची होती.

आम्ही राख सावडून घरी आलो, तर दारात कॉलेजचा शिपाई उभा. दिगंबरनं सगळं ज्यात साठवलं होतं तो लॅपटॉप संस्थेचा आहे म्हणे, घेऊनच गेला. मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन भांडलो, तोवर तो साफ करून दुसऱ्या टेबलावर गेलासुद्धा. म्हणजे आता जे काही उरलं होतं ते फक्त त्या कार्डात. आणि एवढं माहीत असूनही मी काय केलं ते ऐका.

तेरवीला घरापुढच्या मांडवात शोकसभा होती. शूटिंगवाल्याचं कार्ड भरलं. "सर, जल्दी दुसरं द्या, अध्यक्ष साहेब बोलायला उभे राह्यले." मी धावत दिगंबरच्या खोलीत गेलो, कपाटात कार्ड दिसलं, ते नेऊन दिलं. त्यानं माझ्यासमोर ते पुसलं. माझ्या डोक्यात उजेड पडला नाही, कारण संस्थेच्या अध्यक्षांनंतर माझं भाषण होतं आणि मी मनात वाक्यं जुळवत होतो. ज्यांनी त्याला एक पुस्तक दिलं नाही ते त्याला ज्ञानयोगी म्हणाले. मीही बोललो. छान बोललो, लोकांनी डोळे पुसले. माझ्या त्या छान बोलण्याची मला आता किळस येते.

आठ दिवसांनी सुनीता दिगंबरच्या घरी आली. शूटिंगवाल्यानं परत दिलेलं कार्ड तिनं मोबाईलमध्ये घातलं, तर अध्यक्ष बोलायला लागले. "सर, माझं कुठंय?" मी खरं ते सांगून टाकलं. ती रडली नाही. माझ्याकडं बघत म्हणाली, "तुमाला एक कार्ड इकत भेटत न्हवतं का?" मग तीच म्हणाली, "नेटवर सगळं तसंच हाये. पन त्यातलं कोनतं बघायचं, ते सरलाच माहीत होतं."

हे दिगंबरच्या बायकोनं, वहिनींनी, आतून ऐकलं आणि दिगंबरचा फोन आणून तिच्या हातात दिला. त्यानं अलीकडं काय काय उघडून बघितलं त्याची यादी त्यात होती. त्याचा आवाज मात्र गेला तो गेलाच. तेव्हापासून दर रविवारी ती त्याच्या खोलीत, त्याच्या टेबलाशी बसते आणि ती यादी बघून एकेक व्याख्यान शोधते. मी नवं कार्ड नेलं, तर म्हणाली, "न्हाई सर, हेच पायजे. हे त्यांनी माझ्यासाठी आणल्तं."

मग कार्डात जागा करायला बसली.

"अध्यक्षांचं पुसू का?"

"पूस."

"अन् तुमचं?" तिनं वर न बघताच विचारलं.

"माझं आधी पूस," मी म्हणालो.