लहानूचा खांदा

लहानू कुमरेच्या उजव्या खांद्यावर कोणी हात ठेवला की त्याचा श्वास थांबायचा. हात निघाला की पुन्हा सुरू. पुतणीच्या लग्नात फोटोवाल्याने त्याला खांद्याला धरून सरळ बसवलं, आणि फोटो निघेपर्यंत माणूस दगड झाला. बाकी सगळे फोटोत हलले. लहानू तेवढा स्वच्छ आला.

ही सवय कामातून लागली होती. नागपुरात सदर भागात ताराचंद शेटची शिकार कंपनी होती. बहात्तर साली बंदी आली, त्याआधी परवाना काढून शिकार करता यायची. जंगल खात्याकडून काही दिवसांसाठी ब्लॉक, म्हणजे जंगलाचा ठरलेला तुकडा, मिळायचा. पाहुण्यांसाठी तंबू, जीप, स्वयंपाकी आणि माग काढणारा माणूस ही सोय कंपनी करायची. माग काढणारा माणूस म्हणजे लहानू. पारशिवनीच्या पलीकडच्या एका गावचा. नाव लहानू असलं तरी गावात त्याच्याइतकं उंच कोणी नव्हतं. दिवाळी झाली की कंपनीत यायचा आणि मोह वेचायच्या दिवसांत घरी परतायचा.

बावन्न साली एका उघड्या माळावर पाहुण्याला बंदूक टेकवायला झाड सापडलं नाही. समोर नीलगाय उभी होती. शेट कुजबुजला, "लहानू, पुढं उभा राय. हलू नको." लहानू पाठ करून उभा राहिला. त्याच्या उजव्या खांद्यावर नळी आली आणि कानाच्या अगदी पुढे बार उडाला. नीलगाय पडली. पाहुण्याने लहानूची पाठ थोपटली; लहानूला थोपटल्याचा आवाज आला नाही.

त्या दिवसापासून कंपनीच्या सामानात खांदा आला. तंबू, कंदील, पाण्याची पखाल आणि लहानूचा खांदा. चौदा हिवाळे तो लोकांच्या पुढे उभा राहिला. बार व्हायच्या आधी श्वास धरायचा, तोंड किंचित उघडं ठेवायचं, डोळे मिटायचे नाहीत, हे त्याचं तोच शिकला. आणखी एक गोष्ट तो शिकला, जी कंपनीत दुसऱ्या कोणालाच माहीत नव्हती. नळीतून माणूस खांद्यावर उतरतो. कोणाचा हात थरथरतो, कोणाचं काळीज धडधडतं, कोण मनातून घाबरलेला आहे आणि कोणाला मारायचंच नाही, हे त्याला मागे न पाहता कळायचं. तो कोणाला सांगत नसे. विचारत तरी कोण होतं?

त्रेसष्ट साली उजवा कान पूर्ण गेला. त्याची बायको सुभद्रा चुलीपाशी उजव्या बाजूने काही बोलली की उत्तर यायचं नाही. तिला आधी वाटलं, रागावलाय. मग तिनेच एक युक्ती काढली. लहानू पाठमोरा बसला की मागून हळू आवाजात ती भाजीचं नाव सांगायची. ऐकू आलं तर ती भाजी. नाही आलं तर कारलं. लहानूला कारलं अजिबात चालायचं नाही.

पासष्टच्या हिवाळ्यानंतर घरात कारलं वाढलं. डाव्या कानातही रातकिडा बसल्यासारखा आवाज येऊ लागला, भर दुपारी.

"अवो, आज तिसऱ्यांदा कारलं झालं," सुभद्रा म्हणाली. "आता तं माहा पण जीव विटला."

"मग दुसरं काही शिजव ना वं."

"शिजवतो. पण तुमी ऐकान कधी?"

दोघं नागपूरला सरकारी दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, उजव्या कानात आता काही उरलेलं नाही. डाव्यातलं अर्धं गेलं आहे. बंदुकीपाशी उभं राहणं असंच चाललं तर दोन हिवाळ्यांत तोही जाईल. लहानूने मान हलवली. भेकराचं भुंकणं, माकडाचा खोकल्यासारखा इशारा, वाळल्या पाल्यावरचा खुरांचा आवाज, हे ऐकूनच तो माग काढायचा. डोळे नंतर कामाला यायचे. कान गेला की जंगलही जाणार होतं. जंगल सोडून दुसरं काय करायचं, हे त्याला ठाऊक नव्हतं.

दिवाळी होताच तो शेटकडे गेला.

"शेटजी, मले टेकण पायजे. बंदूक ठेवाले."

"कायले? तू आहेस ना."

"माहा दुसरा कान चालला."

"कापूस घाल गा."

"कापूस घातला तं भेकर भुंकलेलं कसं ऐकू येईन?"

ताराचंद शेट वाईट माणूस नव्हता. त्याला हिशेबापलीकडचं लवकर कळायचं नाही, एवढंच. तो म्हणाला, "पाहुण्यायले माणसाचा खांदा आवडते. काठीले काय समजते? वाजते, अडकते, वेळेवर पडते." मग वहीचं पान उलटून म्हणाला, "जानेवारीत गणपतराव येऊन राहिले. रेल्वेतून रिटायर झाले. हात हलते त्यायचा. त्यायच्यापाशी सांबराचा परवाना आहे. तुया टेकणावरून नेम लागला तं तुया खांद्याले कायमची सुटी. नाही लागला तं पुढचे सारे पाहुणे खांद्यावरूनच. बोल."

"चालते," लहानू म्हणाला.

कोठीत दोन जुनी टेकणं पडली होती. एक दोन पायांचं, बांबूच्या दोन काठ्या कैचीसारख्या बांधलेल्या. दुसरं तीन पायांचं, लोखंडी, कोण्या पाहुण्याने मागे ठेवलेलं. अंगणात रिकामी बंदूक ठेवून शेटने दोन्ही पाहिली. दोन पायांचं पुढेमागे डुलायचं, पण हलकं होतं. तीन पायांचं जागचं हलायचं नाही.

"हे तिनाचं घे. एकदम पक्कं."

लहानू शेटच्या पाठीमागे जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "नळी नाही हलत. तुमी हलून राहिले."

"मी?"

"बंदुकीचा मागचा दस्ता पाहा तुमच्या छातीपाशी. श्वास घेतला का वर, सोडला का खाली. समोरून कितीही धरा, मागून माणूस हलवतेच." त्याने पुढे सांगितलं, "माह्या खांद्यावर साऱ्यायचं मागूनच हलत होतं, शेटजी. हात एखाद्याचाच हलते. श्वास साऱ्यायचा."

शेटने त्याच्याकडे पाहिलं. चौदा वर्षांत हा माणूस एका दमात इतकं बोलल्याचं त्याला आठवेना.

तेव्हा चार पायांचं ठरलं. दोन कैच्या, एक नळीखाली, एक दस्त्याखाली, आणि दोन्ही जोडणारा एक आडवा दांडा. पुढूनही आधार आणि मागूनही. उचलायला जड, मांडायला उशीर लावणारं. जनावर बाजूला सरकलं तर सगळंच उचलून फिरवावं लागेल. हे दोष लहानूला दिसत होते. पण माणसाचा श्वास बंदुकीपर्यंत पोचू द्यायचा नसेल तर चारच पाय हवेत, हे त्याने ठरवलं.

नागपूरच्या इतवारीत रामाजी बुरूड होता. टोपल्या, सुपं, शिड्या आणि मयतीचं सामान, सगळं तोच करायचा. लहानूने त्याला भरीव बांबू निवडायला लावले. प्रत्येक काठी त्याने जमिनीवर आपटून पाहिली आणि चांगल्या कानाने ऐकली. पोकळ वाजली की बाजूला.

"चार पाय आन् मधात दांडा," रामाजी बांबू तासता तासता म्हणाला. "कोणाले न्यायचं आहे गा यावर?"

"मलेच उतरवाचं आहे."

"उतरवाले माह्याकडं कोणी येत नाही. सारे चढवालेच येते." रामाजी आपल्याच बोलण्यावर हसला. "माप दे. केवढं उंच?"

"माह्या खांद्याएवढं. आजवर साऱ्यायले तेच पुरलं."

रामाजीने त्याला भिंतीला टेकून उभं केलं, खांद्याच्या रेषेवर कोळशाने खूण केली आणि त्या मापाचे पाय कापले. पाय जास्त फाकू नयेत म्हणून मधून पक्की दोरी आवळली. लहानूने पायांच्या टोकांना सायकलच्या ट्यूबचं रबर बसवलं आणि कैचीच्या खाचेत जुन्या घोंगडीचे तुकडे शिवले. गावी नेल्यावर सुभद्राने ते चारही बाजूंनी पाहिलं.

"याच्यानं कारलं बंद होईन काय?"

"पाहू."

गणपतराव आले ते मुक्कामावर अंधार पडल्यावर. साठीचे, बुटके, सभ्य गृहस्थ. चहाची बशी दोन्ही हातांनी धरायचे. रात्री टेकण जुळवून पाहायला वेळ नव्हता. शेटची उंची लहानूच्या जवळपास, आणि शेटला ते बरोबर आलं होतं. त्यावर काम भागलं.

सकाळी गवतावर दव असतानाच तिघं निघाले. लहानू पुढे, पाठीवर टेकण, त्याच्यामागे गणपतराव, शेवटी शेट. कोरड्या नाल्याच्या अलीकडे लहानू थांबला. डाव्या कानात रातकिडा वाजत होता, पण त्याच्या पलीकडून फांदी ओरबाडल्याचा आवाज आला. नाल्यापलीकडच्या उतारावर सांबर उभं होतं. मोठा नर. शंभरेक पावलं.

तिघं नाल्यात उतरले. लहानूने टेकण मांडलं. एक पाय, दुसरा पाय, तिसरा, चौथा. आवाज झाला नाही. गणपतरावांनी बंदूक ठेवली, गाल लावायला गेले आणि थांबले. त्यांनी टाचा उचलल्या. मग बंदुकीवरून मान काढली आणि ओठांनी बोलले, "उंच आहे."

एक वीत उंच होतं.

लहानूला आधी कळलंच नाही. त्याच्या खांद्यावरून बुटक्या माणसांनीही शिकार केली होती. एका डॉक्टरीणबाईंनी चितळ मारलं होतं, त्या तर गणपतरावांपेक्षाही ठेंगण्या. खांदा तोच होता. मग त्याला आपले गुडघे आठवले. नळी खांद्यावर आली की ते आपसूक वाकायचे, जेवढं लागेल तेवढं, आणि तसेच धरून राहायचे. चौदा वर्षं तो प्रत्येकाच्या मापाचा होत आला होता, आणि रामाजीच्या भिंतीपाशी मात्र ताठ उभा राहिला होता.

मागून शेटने त्याला टोचलं. स्वतःच्या खांद्यावर दोन बोटं आपटून दाखवली. खांदा दे.

सांबराने मान वर केली होती.

लहानूने मान हलवली. नाही. शेटने पुन्हा खांद्यावर बोटं आपटली, या वेळी जोरात. लहानूने त्याच्याकडे पाहिलंच नाही. दोरी सोडायला वेळ नव्हता. तो खाली वाकला. नाल्यात वाळू होती. त्याने पहिला पाय दोन्ही हातांनी धरला आणि पिळत पिळत वाळूत दाबला, जात्याच्या खुंट्याला फिरवावं तसा. वाळू कुरकुरली. सांबराचे कान वळले. लहानू तसाच थांबला. सांबराने एक पान तोडलं. लहानूने दुसरा पाय दाबला. मग तिसरा. चौथ्याखाली दगड लागला. त्याने नखांनी दगड उकरून काढला. नखातून रक्त आलं. पाय आत गेला. वीतभर.

तो मागे सरकला. गणपतरावांनी गाल लावला. आता टाचा जमिनीवर होत्या. त्यांचा डावा हात थरथरत होता, पण तो बंदुकीला लागतच नव्हता. बंदूक वाळूतून उगवल्यासारखी उभी होती.

लहानू पावलं मोजत दहा पावलं मागे गेला. डाव्या कानावर तळहात धरला. कोणी खांद्याला शिवलं नव्हतं, तरी त्याचा श्वास थांबला.

बार झाला. सांबर एक पाऊल पुढे गेलं आणि बसल्यासारखं पडलं.

लहानूने कानावरचा हात काढला, आणि काहीतरी झालं, जे त्याला समजलं नाही. समोरच्या टेकडीवरून बार पुन्हा आला, लांबट होऊन. मग डावीकडून, आणखी पातळ. तो दचकून शेटकडे वळला. "आणखी कोणी चालवली काय?"

"कुठं गा? आवाज फिरून येऊन राहिला टेकडीवरून."

"दर खेपेले येते?"

"दर खेपेले," शेट म्हणाला आणि मग त्यालाच कसंसं झालं. लहानूच्या कानाशी आजवर शेकड्याने बार झाले होते. त्यांच्यामागून येणारं हे काही त्याला कधी ऐकूच आलं नव्हतं.

गणपतरावांनी टेकणाचे चारही पाय हात लावून पाहिले. "कोणाचं माप घेतलंत हो याला?"

"माहंच, साहेब. चुकलं."

"नाही चुकलं," ते म्हणाले, आणि सांबराकडे चालू लागले.

शेटने शब्द पाळला. रामाजीने दोरीला गाठी मारून पाय कमीजास्त फाकवायची सोय करून दिली. पुढची पाच-सहा वर्षं लहानू फक्त माग काढायचा, टेकण मांडायचा आणि दहा पावलं मागे जाऊन कानावर हात धरायचा. नंतर बंदी आली. कंपनीने तंबू विकले, जीप विकली. टेकण कोणी घेतलं नाही, म्हणून शेटने ते लहानूलाच दिलं. सुभद्राने त्यावर दोडक्याचा वेल चढवला.

उजवा कान परत आला नाही. डाव्यातला रातकिडा राहिला, पण वाढला नाही.

ऐंशीनंतरही ती दोघं तोच खेळ खेळायची. लहानू अंगणात पाठमोरा बसायचा, सुभद्रा दारातून हळूच बोलायची. एकदा ती नुसते ओठ हलवून उभी राहिली, आवाज न करता. लहानूने बराच वेळ वाट पाहिली.

"बोलली काय वं काही?"

"नाही बोलली."

"मग कारलं नको शिजवू," लहानू म्हणाला.