मोतियाचं मोठं झालं

राग माझ्या नाकावर असतो, असं आमच्या घरात सगळेच म्हणत. नोकरीही मला नाकावरच मिळाली. आमच्या नात्यात सगळे कापडात. निजामपुऱ्यात घराच्या दोन्ही अंगांना लूम, त्यामुळे साधं मीठ मागायचं तरी ओरडून मागावं लागे. या खटखटाटातून एकटे मामू सुटले होते. पडघ्याच्या पुढे, हायवे सोडून आत, ओढ्याकाठी त्यांची शेड होती, आणि तिथे ते गवतातून तेल काढत. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी केमिस्ट्री घेऊन बीएस्सी झाले, तेव्हा ते अब्बांना म्हणाले, पोरीला घरात बसवून काय लोणचं घालणार आहात, माझ्याकडे पाठवा.

ते गवत म्हणजे रोशा. आमच्या डोंगरउतारांवर आपोआप वाढणारं, छातीएवढं, दिवाळीच्या सुमारास फुलोऱ्यावर आलं की तांबूस दिसणारं. ते मोठ्या तांब्याच्या डेगेत पायांनी तुडवून भरायचं, झाकणाची फट मातीने लिंपायची आणि खालून वाफ सोडायची. वाफ गवतातून वर चढते, नळीतून थंड पाण्याच्या हौदात उतरते, आणि पलीकडे थेंब थेंब पाणी गळू लागतं. थोड्या वेळाने त्या पाण्यावर फिकट पिवळं तेल साचतं. पहिल्या दिवशी मामूंनी त्यात काडी बुडवली आणि माझ्या नाकासमोर धरली. गुलाब! गवताच्या काडीतून गुलाब.

गुलाबाला वास देणाऱ्या जिरॅनिऑलचं सूत्र मी कॉलेजात घोकलं होतं. दहा कार्बन, अठरा हायड्रोजन, एक ऑक्सिजन. त्यावर मार्कही घेतले होते. पण जो रेणू गुलाबात बसतो तोच गुरंही फारशी विचारत नाहीत त्या गवतात बसलेला असतो, हे मला त्या काडीने शिकवलं. डोळे भरून आले. मामूंना वाटलं, भट्टीचा धूर गेला. त्या भट्टीत जळायचं तेही तेल काढून झालेलं, वाळवलेलं गवतच. डोंगराने दिलेलं काही वाया जात नसे, आणि मला त्याचं इतकं अप्रूप वाटे की घरी जेवताना मी त्यावरच बोलत बसे. शेवटी अम्मी म्हणाली, आता गवतच वाढते तुला.

रोशाच्या जाती दोन. व्यापारी एकीला मोतिया म्हणतात, दुसरीला सोफिया. दिसायला जुळ्या बहिणी. मोतिया कोरड्या उतारावर वाढतो, त्याचं तेल गुलाबाचं. सोफिया ओलसर जागी, उंच आणि भरघोस. पण तेलाला आल्यासारखा उग्र वास, अत्तरवाला ते दारातही उभं करत नाही. मामूंच्या दोन्ही डोळ्यांत तोवर मोतीबिंदू पिकला होता. ते म्हणत, माझ्या डोळ्यांतही मोतिया नि डेगेतही मोतिया, फक्त डेगेतला मला दिसतो.

गवत आणायची जवळच्या पाड्यावरची एक बाई आणि तिच्याबरोबरच्या दहाबारा जणी. गवत कापणं आणि मग शेडवरची कामं धरून होळीपर्यंत त्यांच्या हाताला काम असे, म्हणून त्यांना इतर पाड्यांसारखं लेकरं घेऊन खाडीकडच्या वीटभट्टीवर जावं लागत नसे. मामू तिला कधी काही सांगत नसत. कुठलं गवत, केव्हा कापायचं, सगळं तिचं तिला ठाऊक. दिवाळीच्या तोंडावर, वाघबारशीला वाघाला नारळ दिल्याशिवाय ती रोशाला इळा लावत नसे. मला हा भाबडेपणा वाटला. एका वर्षी मी हट्टाने पंधरा दिवस आधीचं गवत कापून आणवलं. तेल निम्मं निघालं आणि वास हिरवट. फुलोरा भरतो तो नेमका वाघबारशीच्या सुमारास. वाघाला केमिस्ट्री माझ्यापेक्षा जास्त येत होती.

तिसऱ्या हंगामात, ऐन वाघबारशीनंतर, मामूंना ऑपरेशनसाठी मुंबईला जावं लागलं. निघताना म्हणाले, मोतिया तेवढा सांभाळ. शेड पहिल्यांदाच माझ्या हातात आली, आणि मला वाटलं, काहीतरी हुकूम सोडलाच पाहिजे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. गवत आणायला निघालेल्या टेम्पोच्या ड्रायव्हरला मी बजावलं की त्या बायकांना सांग, सिर्फ मोतिया लाना. ड्रायव्हर नवा होता. त्याआधी दहा वर्षं लूमवर काढलेली, त्यामुळे कानाने अर्धा बहिरा. त्यात टेम्पो चालू.

संध्याकाळी गवत आलं ते बघून मी खूश झाले. एकेक काडी माझ्या डोक्याच्या वर. सलग आठ दिवस तसंच गवत येत राहिलं आणि आम्ही डेगेमागून डेग चढवत राहिलो. तेलाचा वास वेगळा आहे, हे पहिल्याच दिवशी जाणवलं होतं, पण मी स्वतःची समजूत घातली की ताजं तेल आहे, मुरेल. मुरलं नाही. मग मी पोलरिमीटर काढला, तेलातून प्रकाश किती वळतो ते मोजणारा. मोतियातून प्रकाश जवळजवळ सरळ जातो. या तेलातून तो दार लोटावं तसा एका बाजूला वळला. सोफियाचं नाव मी ऐकलं होतं, वास कधी घेतला नव्हता, कारण त्या बाईने तो कधी आणलाच नव्हता. माझ्या डोक्यात एकच शब्द आला, भेसळ.

दुसऱ्या दिवशी ती शेडवर आली तेव्हा सगळ्या बायकांसमोर मी तिला तो शब्द ऐकवला. म्हटलं, भारा भरायला कसलंही गवत घालता, उद्यापासून तुमच्या पाड्याचं गवत बंद. तिने इळा कमरेला खोचला आणि ती निघाली. तिच्यामागे बाकीच्याही गेल्या. मी मात्र आपण फार मोठा न्याय केला म्हणून ताठ बसून राहिले.

मामू परतले ते डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून. डॉक्टरांनी धुरात जायला मनाई केली होती, म्हणून महिनाभर घरीच पडून होते. शेडवर आल्या आल्या त्यांनी डबा उघडला, वास घेतला, म्हणाले, हा सोफिया. मग विचारलं, तिला तू काय सांगितलंस? मी ड्रायव्हरला हाक मारली. तो शांतपणे म्हणाला, “आपने ही तो बोला था मैडम, सिर्फ मोटा लाना.”

त्याने ऐकलं होतं मोटा. पाड्यावर जाऊन आपल्या तोडक्या मराठीत तो सांगून आला होता की मॅडमला मोठंच गवत पाहिजे. आणि मोठं गवत असतं कुठे, तर ओढ्याच्या ओलीत. मामूंनी डब्याचं झाकण लावलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

तोवर पाडा रिकामा झाला होता. काम नाही म्हटल्यावर सगळ्या वीटभट्टीवर गेल्या होत्या. चौकशी करत मी खाडीकाठच्या अंजूरकडे गेले, नाक मुठीत धरूनच. खाडीचा वारा, चिखल, आणि रांगेने मांडलेल्या कच्च्या विटा. ती साच्यात चिखल थापत होती. जवळ तिची नात विटांवरून चालत होती, पायांना भेगा पडलेल्या. मी रस्ताभर घोकत आणलेलं सगळं विसरले. एवढंच म्हटलं की चूक माझी होती, माफ कर. आणि मग न राहवून विचारलं, तुला तर माहीत होतं ते गवत चालत नाही, मग कापलंस कशाला?

तिने साचा उपडा केला, वीट सोडवली.

“तू शिकलेली बाय. मोठं सांगलंस, मोठं आनलं,” ती म्हणाली. “मना वाटलं, डेगंत घालायच्या आदी कोनी तरी हुंगून बघंल.”

मी परत आले. माझ्या टेबलावर पोलरिमीटर होता, रिफ्रॅक्टोमीटर होता, बाटल्यांवर माझ्या अक्षरातल्या चिठ्ठ्या होत्या. काडी चुरडून नाकाशी धरणं, याला काहीच लागत नाही. आठ दिवसांत ते मला एकदाही सुचलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

मामूंनी निरोप पाठवला, पण उचल घेतल्यावर वीटभट्टीचा हंगाम अर्ध्यावर सोडता येत नसतो. त्या परतल्या पावसाच्या तोंडाशी. पुढच्या वाघबारशीला मामू आणि मी स्वतः पाड्यावर गेलो. मामूंनी सगळ्यांसमोर सांगितलं की भेसळ कुणी केली नव्हती, आमच्या पोरीच्या डोक्यात झाली होती. बायका हसल्या. ती हसली नाही, पण इळा घेऊन उठली आणि आम्हाला डोंगरावर घेऊन गेली.

वर पोहोचून मी थबकले. गेली काही वर्षं उतार टक्कल पडल्यासारखा विरळ होत चालला होता. आम्ही दर वर्षी फुलोऱ्यावरचं सगळं गवत कापून नेत होतो, बी पडायला मागे काही उरतच नव्हतं. माझ्या चुकीमुळे आदल्या वर्षी डोंगराला कुणी हात लावला नाही, आणि सबंध उतार तांबड्या फुलोऱ्याने भरून गेला होता. वारा आला की खालपासून वरपर्यंत गुलाबाचा वास येत होता. एवढं देणारं काहीतरी आपल्या पायाखाली असतं आणि आपण त्याला गवत म्हणतो. मामू नुसते पट्टी सुटलेल्या डोळ्यांनी बघत होते. त्याच दिवशी ठरलं की दर वर्षी डोंगराची एक बाजू सोडायची, आणि कुठली ते तिने सांगायचं.

मी भारे मोजायला वही उघडली. तिने एक पातं ओढलं, तळहातावर चुरडलं आणि तो हात माझ्या वहीच्या आणि तोंडाच्या मध्ये धरला.

“आदी हुंग,” ती म्हणाली.