फादरांनी गाळायला सांगितलेलं पत्र

त्या वर्षी मी प्रार्थना म्हणत होते, पण देवाशी बोलणं बंद केलं होतं. दिल्लीत केंद्राच्या एका मंत्रालयात मी फ्रेंचची भाषांतरकार. आर. के. पुरमच्या आमच्या क्वार्टरजवळच्या चर्चमधल्या फादरांनी त्यांच्या मिशनरी संघाच्या जुबिलीच्या पुस्तकासाठी जुनी पत्रं भाषांतराला दिली होती. आफ्रिकेतल्या मिशनऱ्यांनी युरोपातल्या वरिष्ठांना लिहिलेली. त्यांत एक पत्र तिथल्याच एका काळ्या विद्यार्थ्याचं निघालं. धर्मगुरू व्हायला आलो, लॅटिन संपलं, तरी अजून बागच झाडायला लावता. माझ्यात काय कमी आहे ते सांगा, असं त्याने सरळ विचारलं होतं.

“हे गाळा, मॅडम. जुबिलीचं पुस्तक आहे, भांडणाचं नाही,” फादर म्हणाले.

गावाकडे माझ्या काकांनाही धर्मगुरू घडवणाऱ्या सेमिनरीतून दोनदा परत पाठवलं होतं. अजून तयारी नाही, एवढंच कारण. जात कोणी उच्चारली नाही. उच्चारायची गरजही नव्हती. हे सगळं माहीत असून मी पत्र गाळलं. फादरांचा शब्द मोडायची आमच्या घरात रीत नव्हती.

रविवारी फाइल पिशवीत घालूनच मिस्साला गेले. कम्युनियनच्या वेळी पवित्र भाकर द्यायला एका बाजूला आमचे फादर उभे राहिले, दुसऱ्या बाजूला दिल्लीत शिकायला आलेले एक तरुण आफ्रिकन फादर. माझी रांग त्यांच्याकडे जात होती. बघता बघता ती मधूनच वळली आणि सगळी मंडळी पलीकडच्या रांगेला जाऊन लागली. तरुण फादर भाकरीचं पवित्र पात्र हातात धरून एकटे उभे. मीही दोन पावलं वळले होते, हे लिहायला लाज वाटते. मग पाय थांबले. मी थांबवले नाहीत.

सरळ त्यांच्यासमोर गेले. “ख्रीस्त का शरीर,” ते म्हणाले. इतक्या मोठ्याने “आमेन” मी आयुष्यात म्हटलं नव्हतं.

बाहेर शेजारच्या आंटी कुजबुजल्या, “आप उधर क्यों चली गईं?”

“लाइन छोटी थी.”

तशीच आमच्या फादरांच्या ऑफिसात गेले. “फाइल आज देत नाही. ते पत्र घालून उद्या देते. तसंच छापा, नाहीतर माझं एकही पान छापू नका.”

त्यांनी विचारलं, “तुम्ही अशा कधीपासून झालात?”

“दहा मिनिटं झाली, फादर.”

पत्र छापलं. शेवटच्या पानावर, बारीक टायपात. असू दे, वाचता येतं.

शरण जाणं म्हणजे वरच्यांचं निमूट ऐकणं, असंच मी इतकी वर्षं समजत होते. देवाचे आभार मानते ते यासाठी, की त्याने मला नमवलं आणि नमवून ताठ उभं केलं. आता गुडघे टेकते ते फक्त त्याच्यापुढे.