गच्चीची किल्ली आणि गोदाबाईचा सॉस

खराडीत जिथे गोदाबाईची ज्वारी डोलायची, तिथे आता काचेच्या इमारतींत कॉम्प्युटरवाली पोरं डुलक्या घेतात. गोदाबाईला त्याचं फारसं दुःख नाही. उरलेल्या तुकड्यावर तिने दोन मजले चढवले, भाड्याने दिले आणि गच्चीची किल्ली तेवढी पदराला बांधून ठेवली. गच्चीवर तिच्या मिरच्या वाळतात. भाडेकरूंनी चंद्र खिडकीतून बघावा.

तिचा ठेचा खाण्यापेक्षा टाळण्यासाठीच जास्त प्रसिद्ध. नवरा रावसाहेब पहिल्या घासाला पाण्याचा तांब्या जवळ ओढतो, दुसऱ्याला देवाला हाक मारतो.

वरच्या मजल्यावर श्रद्धा राहायला आली, नागपूरकडची. गोदाबाईने प्रेमाने, म्हणजे वाईट हेतूने, तिला वाटीभर ठेचा दिला. पोरीने तो शिऱ्यासारखा संपवला आणि म्हणाली, "आजी, छान आहे. पण तिखट नाही हो."

मी, त्यांचा शेजारी, ओट्यावर चहा पीत होतो. कप तोंडापर्यंत पोचलाच नाही.

त्याच आठवड्यात श्रद्धाने रविवारसाठी गच्ची मागितली. ऑफिसातले मित्र येणार, सिगडीवर पनीर, चिकन भाजणार, त्याला बार्बेक्यू सॉस. गोदाबाईने सॉसची बाटली हुंगली, खोकल्याचं औषध म्हणून परत केली आणि जाहीर केलं की सॉस ती करणार, ताज्या मिरच्यांचा.

"तुझ्या पाव्हण्यांच्या डोळ्यांत माझ्या सॉसानं पाणी आणलं न्हाई, तर किल्ली तुझी. कायमची."

मिरच्या आणायला रावसाहेब गेला. लालभडक, गुबगुबीत, नवरीसारख्या नटलेल्या मिरच्या घेऊन आला. रविवारी संध्याकाळी गोदाबाईने त्या टोमॅटो-लसणासोबत निखाऱ्यावर भाजल्या. सालं काळी पडली, वास घमघमला, पण कुणाला साधी शिंक आली नाही. आता आमच्याकडे समज असा, की मिरची विस्तवात पडूनही ठसका लागला नाही तर दृष्ट जबर लागलेली आहे. गोदाबाईने मिरच्यांवर संशय घेतला नाही. श्रद्धावर घेतला.

गूळ, चिंचेचा कोळ घालून सॉस रटरटला. चव बघायची तिला सवयच नाही. ज्याला खायचंय त्याने बघावी. तिने घरातल्या वाळक्या मिरच्या, मीठ, मोहरी मुठीत घेतली, पातेल्यावरून ओवाळली आणि मूठ सरळ पाहुण्यांच्या सिगडीत टाकली. पनीरच्या खाली.

दृष्ट उतरली. पाहुणेही उतरले, एकमेकांच्या अंगावरून, जिना चाचपडत. एकजण तर माझ्या चहाने डोळे धुवायला निघाला होता.

धूर ओसरल्यावर मंडळी वर गेली आणि त्यांनी ताटल्यांतला सॉस पावाने पुसून खाल्ला. सगळ्यांचे डोळे लाल. पैज जिंकल्यातच जमा होती. तेवढ्यात एक पाहुणा बोटं चाटत म्हणाला, "आजी, काय गोड झालाय सॉस!"

गोदाबाईला आजवर इतकं लागेल असं कुणी बोललं नव्हतं. तिने बोट बुडवून चाटलं. मग हळूच मान वळवली. रावसाहेब आकाशातलं विमान निरखत होता.

"मिरच्या कशा बघून आणल्या?"

"रंग बघून," रावसाहेब म्हणाला. "आन माझं पोट बघून."

गोदाबाईने पदराची गाठ सोडली. श्रद्धा बिचारी म्हणालीसुद्धा, "आजी, पाणी तर आलं नं सगळ्यांच्या डोळ्यांत."

"सॉसानं न्हाई आलं." आणि किल्ली तिच्या हातात ठेवली.

आता मिरच्या वाळवायच्या तर गोदाबाई वर जाऊन भाडेकरूची बेल वाजवते. श्रद्धा किल्ली लगेच देते, फक्त जाता जाता विचारते, यंदा ठेचा जरा तिखट कराल का? भाजी आणायचं काम रावसाहेबाकडून काढून घेतलंय. त्याला फिकीर नाही. बाजारच्या सॉसची ती बाटली त्याने श्रद्धाकडून मागून आणली, मोरीत ओतून धुतली, उरलेला गोड सॉस तिच्यात भरला आणि देव्हाऱ्यामागे लपवला. हल्ली तो पूजा फार वेळ करतो.