घरात बीकॉम असताना

मला बघायला आले तेव्हा सासऱ्यांनी एकच प्रश्न विचारला. "टॅली येते का?"

मी म्हटलं, "कॉलेजात शिकवली होती."

हा होकार नव्हता, पण त्यांनी तो होकार धरला आणि पोह्यांची बशी उचलली. आम्ही काटोलचे. माझ्या वडिलांना वाटलं, माणसं सरळ आहेत, देण्याघेण्याचं काढत नाहीत, पोरीच्या शिक्षणाची चौकशी करतात. मलाही तसंच वाटलं. लग्नानंतर नवऱ्यानं कौतुकानं सांगितलं की जीएसटी आल्यापासून बाबा दोन माणसं शोधत होते, त्याच्यासाठी बायको आणि दुकानासाठी अकाउंटंट. दोन्ही कामं एका चहात झाली, असं ते नातेवाइकांत सांगत.

सासऱ्यांचा कूलरचा धंदा होता. नागपुरात कूलर म्हणजे घरातला एक माणूसच. होळी झाली की तो माळ्यावरून खाली येतो आणि पाऊस लागला की परत वर जातो. घराच्या खालीच आमचं वर्कशॉप. सासरे पत्रा कापून कूलरचं खोकं करायचे, नवरा मोटार आणि पंप बसवायचा, आणि मागच्या शेडमध्ये सासूबाई चारपाच बायांना घेऊन ताट्या भरायच्या. कूलरच्या तिन्ही बाजूंना ज्या गवत भरलेल्या जाळ्या असतात, त्या ताट्या. गवत सारखं पसरावं लागतं. कुठं विरळ राहिलं की तिथून गरम हवा येते आणि गिऱ्हाईक भांडायला येतं. सासूबाईंच्या ताटीवरून कोणी भांडायला आलेलं मी पाहिलं नाही. त्यांच्या बोटांची टोकं मात्र त्या गवतानं चिरून चिरून खरखरीत झाली होती. लग्नात त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला तेव्हा मला आधी कळलंच नाही की तो हात आहे.

मी वर्कशॉपच्या कोपऱ्यात एका टेबलाशी बसू लागले. कॉलेजात आम्हाला डेबिट आणि क्रेडिट शिकवलं होतं. पण सासऱ्यांनी मित्राच्या पोरीच्या लग्नात कूलर आंदण दिला तर तो कुठं लिहायचा, हे शिकवलं नव्हतं. विचारलं तर सासरे म्हणायचे, "लिहू नोको. तो आपल्या घरचा माणूस आहे." सासऱ्यांच्या घरच्या माणसांची संख्या मोठी होती. जीएसटीचं रिटर्न भरायचं म्हणजे मोबाइलवर व्हिडिओ बघून भरायचं. व्हिडिओतला माणूस हिंदीत सांगायचा, "बस, हो गया." माझं कधीच व्हायचं नाही.

एकदा मी म्हटलं, "बाबा, महिन्यातून एकदा येऊन बघेल असा कोणी माणूस ठेवू या."

"काहून? तू आहे ना?"

"मला सगळं येत नाही."

"हळूहळू येते. मले तरी पत्रा कापणं कुठं येत होतं?" असं म्हणून त्यांनी डाव्या हाताचं बोट दाखवलं. त्याचं टोक नव्हतं. हे ते धीर देण्यासाठी दाखवत होते.

अकाउंटंटबद्दल त्यांचं मत पक्कं होतं. आपला पैसा दुसऱ्यानं मोजायचा, वर त्याचे पैसेही आपणच द्यायचे. ते म्हणायचे, "मी किती कमावतो हे घरच्याइले माहीत नाही, त्याले कायले सांगू?"

मग मला दिवस गेले. डॉक्टरीणबाईंनी तारीख सांगितली ती नेमकी मार्च संपतानाची. सासऱ्यांनी ती ऐकली आणि नवऱ्याला बाजूला घेऊन विचारलं की जरा पुढं ढकलता येत नाही का. नवऱ्यानं मला ते येऊन सांगितलं. मी हसले. त्याला वाटलं होतं की मी डॉक्टरीणबाईंना विचारीन.

मुलगी झाली, तारखेच्या आधीच झाली. माझी तब्येत बिघडली, दवाखाना लांबला, मग मी काटोलला गेले आणि उन्हाळाभर तिथंच राहिले. दिवस गेल्यापासून मागं पडत गेलेली रिटर्नं तशीच राहिली, पुढची कोणीच भरली नाहीत. इकडं सीझन जोरात होता. एका वसतिगृहानं खोल्याखोल्यांसाठी कूलर मागवले. एवढी मोठी ऑर्डर सासऱ्यांना आयुष्यात पहिल्यांदा मिळाली होती. पत्रा आणला, बाया वाढवल्या. आणि माल पाठवायच्या आदल्या दिवशी वसतिगृहाच्या व्यवस्थापकांचा फोन आला.

"तुमचा नंबर बंद दाखवतोय."

सासरे म्हणाले, "बंद कसा? आत्ता तर बोलून राहिले तुम्ही माह्याशी."

"जीएसटीचा नंबर हो."

रिटर्न न भरल्यानं नोंदणी स्थगित झाली होती. व्यवस्थापक म्हणाले की अशा नंबरचं बिल त्यांना चालत नाही. सासऱ्यांनी त्यांना आधी समजावलं, मग बिनबिलाचा भाव सांगितला, मग पोरीच्या पोटी पोरगी झाल्याचंही सांगितलं. सून म्हणायचं होतं, घाईत पोरगी निघालं. फोन बंद झाला. कूलर वर्कशॉपमध्ये एकावर एक रचलेले तसेच राहिले. नवरा म्हणतो, त्या दिवशी बाबा जेवले, पाणी प्यायले, आणि मग कूलरांच्या त्या भिंतीसमोर खुर्ची टाकून बसले.

मी परत आले तेव्हा मनाशी ठरवूनच आले होते. पोरीला सासूबाईंकडं देऊन सांगितलं, "बाबा, आता हे काम मी करणार नाही."

सासरे सासूबाईंकडं बघून म्हणाले, "आयकलं काय वं? घरात बीकॉम असताना बाहेरचा माणूस ठेवा म्हणते."

सासूबाई पोरीची लंगोट बदलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ठेवा नं मंग. तुमच्या पायी पोरगी दवाखान्यातही मोबाइल पाहून राहिली होती."

हे त्यांनी पाहिलं होतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

शेवटी माणूस ठेवला, नागपुरातल्याच सदर भागात एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर बसणारे एक कर सल्लागार. सासरे त्यांना पहिल्या दिवसापासून वकीलच म्हणत, कारण त्यांच्या मते ज्याला पैसे दिल्याशिवाय आपली सुटका होत नाही तो वकील. माणूस चाळिशीचा. चेहरा असा की चांगली बातमी सांगतोय की नोटिशीची, कळायचं नाही. चहा घ्यायचे नाहीत. सासऱ्यांना चहा न घेणाऱ्या माणसाशी कसं बोलायचं ते माहीत नव्हतं, त्यामुळे पहिल्यांदाच ते प्रश्नांची सरळ उत्तरं देत गेले.

वकील वर्कशॉपमध्ये फिरले. जुना नंबर एव्हाना रद्दच झालाय, राहिलेली रिटर्नं दंडासकट भरून नवा घ्यावा लागेल म्हणाले. मग मागच्या शेडपाशी थांबले.

"ताट्या कोण करतं?"

"ते आमची घरची," सासरे म्हणाले.

"किती वर्षांपासून?"

"सुरवातीपासून. लग्न झालं तवापासून म्हणा."

"पगार काय देता?"

सासरे हसले. "घरच्याइले पगार देतेत काय साहेब?"

वकील हसले नाहीत. "बाहेरच्या बायांना देता. या त्यांच्याइतकंच काम करतात, वर त्यांच्यावर देखरेख करतात. नंबर नव्यानं घ्यायचाच असेल तर सगळं नीट बसवून घ्या. यांना पगारावर दाखवा, नाही तर भागीदार करा."

सासऱ्यांनी विचार केला. पगार म्हणजे दर महिन्याचा खर्च. भागीदाराला दर महिन्याला काही द्यावं लागत नाही. ते म्हणाले, "भागीदार करून टाका."

"आणि सूनबाई?"

"ते कायले? तुम्ही आले ना आता. ते मोकळी."

अशा रीतीनं जी नोकरी मला कधी लागली नव्हती ती सुटली. मला फार हलकं वाटलं. त्या रात्री मी मोबाइलमधून ते व्हिडिओवालं चॅनेल काढून टाकलं आणि पोरीशेजारी आडवी झाले ती सकाळीच उठले.

भागीदारीच्या कागदावर सही करायला सासूबाईंना सदरला नेलं. त्या सातवी शिकलेल्या. वकिलांनी कागद पुढं सरकवला आणि सहीची जागा दाखवली. सासूबाईंनी चष्मा काढला, पुसला, लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागल्या. सासरे म्हणाले, "वाचून काय करतं? वकिलानं वाचलं आहे ते." त्या वाचत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "नफा-तोटा अर्धाअर्धा लिवलं आहे. म्हणजे तोटाही माहा?"

"हो," वकील म्हणाले.

"मंग आता काही करान तं मले इचारा लागन."

"हो."

त्यांनी सही केली. सासरे खिडकीतून खालची रहदारी बघत होते. त्यांनी हे ऐकलं असावं, पण महत्त्वाचं वाटलं नसावं.

पुढच्या वर्षी ते महत्त्वाचं झालं. नागपूरबाहेर कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीत एक मोठं शेड भाड्यानं मिळत होतं. सासऱ्यांनी सगळं परस्पर ठरवलं, बँकेच्या कर्जाचंही बोलून आले. बँकेनं दोन्ही भागीदारांच्या सह्या मागितल्या. सासरे कागद घेऊन मागच्या शेडमध्ये गेले.

"इथं सही कर."

"कायची?"

त्यांनी सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "आधी पाहतो जागा."

आम्ही सगळे नवऱ्याच्या छोट्या टेम्पोतून कळमेश्वरला गेलो. शेड खरंच मोठं होतं. सासरे हात पसरून दाखवत होते, इथं पत्रा, इथं मोटारी, इथं तयार माल. सासूबाई शेडच्या मागं जाऊन आल्या. म्हणाल्या, "बायाइले संडास नाही."

"बांधू."

"बाया येतीन कशा इथं? त्या आपल्या वस्तीतून पायी येतेत. लेकरं घरी ठेवून येतेत. दुपारी जेवाले घालून परत येतेत."

"दुसऱ्या बाया भेटतीन."

"दुसऱ्या बाया," असं एकदा स्वतःशी म्हणून सासूबाई टेम्पोत जाऊन बसल्या. सही झाली नाही.

त्यानंतर दोन्ही भागीदार बरेच दिवस एकमेकांशी बोलले नाहीत. कामाचं माझ्यामार्फत चालायचं. "त्याइले सांग, गवत संपलं." "तिले सांग, उद्या येते." दोघं एकाच खोलीत असायचे. एक दिवस सासरे इस्त्रीचा शर्ट घालून सदरला गेले. कशाला ते सांगितलं नाही, पण नवऱ्याला नंतर वकिलांकडून कळलं. त्यांनी विचारलं होतं, भागीदार काढता येतो काय? वकील म्हणाले होते, येतो. त्यांच्या अर्ध्या हिश्शाचे पैसे देऊन टाका आणि ताट्यांसाठी माणूस शोधा.

सासरे परतले ते थेट पंख्याखाली बसले. सासूबाईंनी पाणी दिलं आणि कितीतरी दिवसांनी सरळ त्यांनाच विचारलं, "काय म्हणे वकील?"

"काही नाही. ऊन लई आहे म्हणे."

"हो, आहे तं," सासूबाई म्हणाल्या.

कळमेश्वर राहून गेलं. त्याऐवजी सासूबाईंनी शेजारचा रिकामा गाळा घ्यायला लावला, नुसत्या ताट्या विकायला. कूलर माणूस आठदहा वर्षांत एकदा घेतो, गवत दरवर्षी बदलतो, एवढंच त्या म्हणाल्या. गाळ्यात मी बसू लागले. धंदा बरा चालला. फार मोठा झाला असं नाही. कळमेश्वरचं ते शेड ज्यानं घेतलं त्याचे कूलर आता चंद्रपूर-गोंदियापर्यंत जातात, आणि त्याचा टेम्पो आमच्या रस्त्यावरून गेला की सासरे काम थांबवून तो दिसेनासा होईपर्यंत बघतात. ते चुकले होते की सासूबाई, हे मला सांगता येणार नाही. बाया मात्र त्याच आहेत.

वर्ष संपल्यावर वकिलांनी नफ्याचे दोन भाग करून दोन खात्यांत टाकायला लावले. सासूबाईंच्या खात्यात इतके पैसे पहिल्यांदाच आले. आम्हाला वाटलं बांगड्या करतील. सासऱ्यांना वाटलं बुद्धगयेला जाईन म्हणतील, आणि त्यासाठी त्यांनी नकाराचं कारण तयार ठेवलं होतं.

सासूबाईंनी एसी घेतला.

बसवणारा माणूस आला तेव्हा सासरे वर्कशॉपमधून धावत वर गेले. "काय करून राहिली तू? लोकं काय म्हणतीन? कूलरवाल्याच्या घरी एसी?"

"जन्मभर गवताच्या धुळीत बसलो," सासूबाई म्हणाल्या. "खोकला जात नाही माहा. डॉक्टर म्हणे ओली हवा नोको."

हे डॉक्टरकडं जाणंही आम्हाला कोणाला माहीत नव्हतं. सासऱ्यांनी खिडकीतून रस्त्याकडं पाहिलं. मग बसवणाऱ्याला म्हणाले की बाहेरचं खोकं रस्त्याच्या बाजूला लावू नको, मागच्या भिंतीला लाव. मागच्या भिंतीला स्टूल पुरत नव्हतं, तर स्वतः जाऊन शिडी आणून दिली आणि काम होईपर्यंत ती धरून उभे राहिले.

पुढच्या भेटीत त्यांनी वकिलांना विचारलं की हा एसी धंद्याच्या खर्चात दाखवता येईल काय.

वकील म्हणाले, "दाखवू नका. करखात्याचे साहेब विचारतील, तुमचे कूलर चालत नाहीत का."

सासऱ्यांनी त्यांच्या चेहऱ्याकडं बराच वेळ बघितलं, हा माणूस गंमत करतोय की काय ते शोधायला. काही सापडलं नाही. त्या रात्री त्यांनी समोरच्या खोलीत कूलरपुढं चटई टाकली, थोडा वेळ कूस बदलली, आणि मग उशी उचलून आत एसीच्या खोलीत गेले. सकाळी म्हणाले, लाइट गेली होती. लाइट गेली नव्हती. सासूबाईंनी मान हलवली आणि चहा ओतला. त्या आठवड्यात त्या कमी खोकल्या.