जीप दसऱ्याला का चालू झाली न्हाई

आमचे मालक एका खोट्यावर विश्वास ठिवून गेले.

खोटं मी बोलले हुते.

आज दसरा. तिथीनं वर्ष झालं. सकाळपासनं तुमी समदी ह्या घरच्या ग्रुपवर त्यांचे फोटो टाकताय. मिशीला पीळ, जीपच्या बॉनेटवर हात. टाका. पण त्या जीपचं खरं काय झालं ते आज मी सांगते.

मालकांनी मिलिटरीच्या वर्कशॉपात नोकरी केली आणि रिटायर झाल्यावर लिलावातली पेट्रोलची जुनी जीप घेऊन आले. आधी तिची तब्येत बघायचे, मग माझी.

तिच्या डिस्ट्रिब्युटरात पॉइंट असायचे. दोन बारीक तुकडे, उघडमीट करून प्लगला करंट पाठवणारे. झिजले की गाडी ठसकायची. मग हे रस्त्याकडंला उतरून पॉलिश पेपरनं घासत बसायचे.

हात थरथरायला लागले तरी तेच.

मीच मागं लागले. "आवं, पोरगा गॅरेजवाला हाय. त्याला सांगा की काय तरी नवीन बसवायला."

प्रताप आमचा एकुलता. सांगलीला गॅरेज. त्यो इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं किट घेऊन आला. पॉइंट काढले आणि तिथं काड्याच्या पेटीएवढी काळी डबी बसवली.

हे खुर्ची टाकून बघत हुते.

"पॉइंट रुसला तर घासून समजूत काढता येती रं. ही रुसली तर?"

"आबा, ही रुसत न्हाई."

"म्हंजी तुज्या आईवानी."

"आई रुसत न्हाई व्हय?"

"न्हाई. थेट भाजती."

जाताना प्रतापनं दोघांला बजावलं. "इंजिन बंद असताना चावी चालू ठिवू नगा. डबी तापून जळती."

मी भाकरी थापत हुते. ऐकलं. चांगलं ऐकलं.

गाडी लय ग्वाड चालली. पहिल्या झटक्यात चालू. हे कबूल करायचे न्हाईत, पण कोरेगावला उगीच चकरा मारायला लागले.

मग आली खंडेनवमी. हत्यारं, गाड्या पुजायचा दिवस.

जीपला ओवाळताना मी दरवर्षी चावी फिरवते. मीटरातला तांबडा दिवा लागला की मग ओवाळते. विझलेल्या गाडीला काय ओवाळायचं, असं माझं डोकं. दोन मिनिटं, की बंद.

त्या दिवशी नारळ फोडला आणि आत पुरण बुडाला लागल्याचा वास आला. पळाले. चावी तशीच.

दुपारी बाहेर आले तवा तांबडा दिवा जळतच हुता. बॉनेटमधनं जळका वास.

चावी बंद केली. हे रानात हुते. बोलणी कोण खाणार? म्हटलं, उद्या चालू झाली तर झाली.

दसऱ्याला सकाळी अंघोळ करून हे बाहेर आले ते छातीवर हात ठिवून. बनियन घामानं भिजलेलं. अँब्युलन्सला फोन लावला तर ती लांब हुती. आळीतल्या गाड्या देवाला गेलेल्या. हे सोताच जीपमधी बसले.

"कोरेगावचा दवाखाना गाठतो. बस तू."

इंजिन नुसतं खर्र खर्र फिरतंय. पकडत न्हाई.

"करंट न्हाई," म्हणाले. मग माझ्याकडं बघितलं. "काल चावी चालू राह्यली हुती का गं?"

"न्हाई."

"नक्की?"

"न्हाई म्हणते न्हवं!"

स्टेअरिंगला डोकं टेकून बसले जरा.

"मग प्रतापची वायर चुकली असंल. त्याला बोलू नगंस. पोरगं मनाला लावून घेतंय."

ते त्यांचं शेवटचं बोलणं. शेजारचा टेम्पो आला तवा अर्धा तास झाला हुता. दवाखान्याच्या दारातच जीव सोडला. डॉक्टर म्हणाले, जरा आधी आणायला पायजे हुतं.

तेराव्याला धाकटे भावजी भर पंगतीत बोलले, "पोरानं शहाणपणा केला आन बाप घालवला."

प्रताप मान खाली घालून बसला हुता. त्यानं डबी खोलून बघितली हुती. जळलेली. "माझीच वायर चुकली काका," म्हणाला.

मी तिथंच हुते. भात वाढत हुते.

वाढत राह्यले.

त्या दिवसापासनं त्यानं कुणाच्या गाडीचं बॉनेट उघडलं न्हाई. गॅरेजला कुलूप. एवढा कारागीर माणूस कारखान्याच्या गेटवर उसाचे ट्रॅक्टर आत सोडत बसतोय.

परवा सून फोनवर रडली. "आत्याबाई, हे झोपेत वायरींचे रंग बडबडत्यात. लाल कुठं, काळी कुठं."

चारदा सांगलीची एसटी धरली. चारदा त्याच्यासमोर बसून चहा प्याले आणि परत आले. तोंड उचकटलं न्हाई. आणि पंगतीत लागलेला डाग घरात बसून निघत न्हाई. म्हणून इथं, समद्यांसमोर लिवते.

प्रताप, लाल लालला हुती, काळी काळीला. तुजं काम चोख हुतं. चावी तुज्या आईनं चालू ठिवली. तुज्या बापानं विचारलं तवा खोटं बोलली. तेराव्याला गप बसली.

त्या घटकंला मी खरं सांगितलं असतं तरी जीप चालू झाली नसती. पण तू तरी वाचला असतास.

आता मला काय बोलायचं ते बोल. फोन कर आन बोल. घरी यिऊन बोल. पण गॅरेज उघड.

भावजी, तुमीबी वाचताय, ठाऊक हाय मला. आज सोनं वाटायचा दिवस हाय. पयलं सोनं सांगलीला जाऊन माझ्या पोराच्या हातात द्या. आणि मान खाली घालून द्या.

बाकीच्यांनी खाली हात जोडायची चित्रं टाकू नका. प्रतापला फोन लावा.

मालक, फुलं लोकं वाहतील. माझ्याकडनं आज एवढं खरं घ्या. वर्षभर उशीर झाला.

जावा आता.